बाटली झाका, मग गुण द्या! सुट्टीत घरच्या घरी वाईन चाखण्याची साधी-सोपी पद्धत

दिंडोरी/निफाड : विशेष लेख

नाताळची सुट्टी लागली की मुंबई-पुण्याचे पाहुणे गावाकडे निघतात. मळ्यात हुरड्याची शेकोटी पेटते आणि हल्ली पाहुण्यांच्या पिशवीतून एखाद-दुसरी वाईनची बाटलीही बाहेर येते. मग ठरलेला संवाद सुरू होतो. "ही भारी आहे, बाराशेची आहे." एक जण घोट घेऊन तोंड वाकडं करतो, "ह्यॅ, नुसती आंबट!" दुसरा काही न समजता मान हलवतो. तिसरा बर्फ मागतो.

गंमत अशी की दिंडोरी, निफाड भागात ज्यांच्या बागेत वाईनची द्राक्षं पिकतात, त्यातल्या कितीतरी घरांत त्याच द्राक्षांची वाईन कुणी नीट चाखलेली नसते. माल तोडला, गाडी भरली, ब्रिक्स लागलं, पावती मिळाली, विषय संपला. पण आपल्या मालाला पुढच्या वर्षी मागणी राहणार की नाही, हे शेवटी कुणाच्या तरी जिभेवर ठरतं. ती जीभ कशी निवाडा करते, हे पिकवणाऱ्यालाही कळायला हवं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हा लेख कुणाला प्यायला लावण्यासाठी नाही. जे घेत नाहीत त्यांनी सुरू करायचं काही कारण नाही. दारूपायी गावातली किती घरं बसली, ते आपण सगळे बघतोच. पण ज्या घरात बाटली येतेच, तिथं ती नुसती रिचवण्यापेक्षा मोजून-मापून, समजून चाखली तर प्यायली कमी जाते आणि कळतं जास्त. शिवाय हीच पद्धत बेदाणा, गूळ, काकवी, आंबा यालाही जशीच्या तशी लागू होते. ते शेवटी सांगितलंच आहे.

आपला आणि वाईनचा संबंध काय?

महाराष्ट्रात वाईनचं नाव पहिल्यांदा गाजलं ते जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावमुळे. तिथं १९८० च्या दशकात फेसाळणारी वाईन तयार होऊ लागली. पुढे नाशिकला गंगापूर धरणाच्या परिसरात सुला उभी राहिली आणि २००० साली तिची पहिली वाईन बाजारात आली. २००१ साली राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं. निफाड तालुक्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क झाले. 'नाशिक व्हॅली वाईन' या नावाला भौगोलिक मानांकनही आहे.

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळानं मोठ्या किराणा दुकानांत, सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला होता. त्यावर राज्यभर गदारोळ झाला. एक बाजू म्हणत होती शेतकऱ्याचा फायदा, दुसरी म्हणत होती गावोगाव दारू पोचेल. शेवटी तो निर्णय अमलात आलाच नाही. म्हणजे हा विषय आपल्याकडं नुसता चवीचा नाही. त्यात पैसाही आहे आणि घरही आहे.

वाईन म्हणजे नेमकं काय?

द्राक्षाचा रस आंबवला की वाईन होते. यीस्ट म्हणजे किण्व रसातली साखर खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. व्हिस्की, देशी यासारखी ती भट्टीवर उकळून, वाफ धरून काढलेली नसते.

ब्रिक्स मीटर तर आपल्या प्रत्येक बागायतदाराच्या घरात असतं. त्याच मीटरवरून वाईन किती कडक होणार याचा अंदाज येतो. ब्रिक्सला साधारण ०.५५ ने गुणा. २२ ब्रिक्सचा माल असेल तर १२ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल, २४ असेल तर १३ टक्क्यांच्या पुढं. खाण्याची द्राक्षं १६ ते १८ ब्रिक्सला गोड लागतात आणि तोडली जातात. वाईनच्या द्राक्षाला त्याहून जास्त साखर लागते, ती याच कारणानं.

रंगाचं म्हणाल तर बहुतेक काळ्या द्राक्षांचा रससुद्धा पांढुरकाच असतो. रंग असतो सालीत. साल आणि बियांसकट रस आंबवला की रेड वाईन. आधीच पिळून साल बाजूला काढली की व्हाईट. साल काही तासच रसात ठेवली की गुलाबी, तिला रोझे म्हणतात. साल आणि बियांतून जो तुरटपणा येतो, त्याला टॅनिन म्हणतात. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी आखडते, तसाच तो प्रकार.

आपल्याकडं बऱ्याच जणांनी पहिल्यांदा चाखलेली असते ती गोड 'पोर्ट वाईन'. त्यामुळं जिभेला वाटतं, वाईन म्हणजे गोडच. मग ड्राय वाईन तोंडात गेली की ती 'खराब' वाटते. ती खराब नसते. ड्राय म्हणजे जिच्यातली जवळपास सगळी साखर आंबून संपली आहे अशी वाईन. तिचा आंबटपणा आणि तुरटपणा हा दोष नाही, तो तिचा कणाच आहे. प्रश्न एवढाच की तो कणा बाकीच्या चवीशी मेळ खातो का.

बाटली झाकायची कशासाठी?

कारण आपण जिभेनं कमी आणि डोळ्यांनी जास्त चाखतो. याचे पुरावे जगभर आहेत.

२४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये एक चाखणी झाली. स्टीव्हन स्परियर नावाच्या इंग्रज दुकानदारानं फ्रान्सच्या नामांकित वाईन आणि त्या वेळी फारसं कुणी विचारत नव्हतं अशा कॅलिफोर्नियाच्या वाईन शेजारी शेजारी ठेवल्या. कोणत्या ग्लासात काय आहे ते सांगितलं नाही. परीक्षक फ्रान्सचेच नावाजलेले लोक. निकाल लागला तेव्हा व्हाईट आणि रेड, दोन्हींत पहिला नंबर कॅलिफोर्नियाचा! नावं दिसत असती तर असा निकाल लागलाच नसता.

२००१ साली फ्रेडरिक ब्रोशे या फ्रेंच संशोधकानं बोर्दोमधल्या वाईन शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांपुढं एक गंमत केली. व्हाईट वाईनमध्ये चव नसलेला लाल रंग मिसळून दिला. विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन रेड वाईनला वापरतात त्या शब्दांत केलं. रंगानं नाकालाही फसवलं.

तिसरी गोष्ट किमतीची. २००८ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लोकांना एकच वाईन दोन वेळा दिली. एकदा सांगितलं १० डॉलरची, एकदा सांगितलं ९० डॉलरची. ९० डॉलरची म्हणून दिलेली लोकांना जास्त आवडली. वाईन तीच होती, बदलली होती फक्त किंमत.

आपल्याकडं याला आणखी एक घटक जोडा : जावईबापू! पुण्याच्या जावयानं एक घोट घेऊन "वा!" म्हटलं की सासरच्या दहा माणसांना ती वाईन छान लागायला लागते. म्हणून बाटली झाकायची आणि गुण लिहून होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. हे दोन नियम पाळले तर अर्धं काम झालं.

तयारी : काय काय लागेल?

१) बाटल्या तीन, फार तर चार. एकाच प्रकारच्या घ्या. सगळ्या व्हाईट किंवा सगळ्या रेड, किमतीही थोड्याफार जवळपासच्या. गोड पोर्ट आणि ड्राय शिराज एकाच रांगेत ठेवू नका. पेरूची आणि चिंचेची तुलना होत नाही. माणसं पाच-सहाच असतील तर दोन-तीन बाटल्या पुष्कळ झाल्या. खर्च वर्गणीनं करा.

२) काचेचे सारखे ग्लास. स्टीलच्या पेल्यात रंग दिसत नाही आणि वास कोंडत नाही. तोंडाशी थोडे निमुळते ग्लास असतील तर उत्तम. साबणाचा वास जाईपर्यंत नुसत्या पाण्यानं विसळा.

३) वर्तमानपत्र आणि रबर. प्रत्येक बाटली कागदात मानेपर्यंत गुंडाळा आणि वर १, २, ३ आकडे टाका. बूचही काढून ठेवा, त्यावर नाव असतं. हे काम अशा माणसानं करायचं जो स्वतः गुण देणार नाही. न घेणारं कुणीतरी घरात असतंच, त्यालाच हा मान द्या.

४) पाणी आणि साधा पाव किंवा कोरडी चपाती. मधे मधे तोंड साफ करायला. चिवडा, लसणाची चटणी, भजी हे सगळं नंतर. तिखट जीभ काहीच ओळखत नाही.

५) एक तांब्या किंवा बादली. थुंकायला. होय, थुंकायलाच! वाईन चाखणारे धंदेवाईक लोक दिवसाला कितीतरी नमुने चाखतात आणि सगळे थुंकतात. चव जिभेवर आणि नाकात कळते, पोटात नाही.

६) वही-पेन. प्रत्येकाला वेगळा कागद. शेजाऱ्याच्या कागदात डोकावायचं नाही.

खोलीत अगरबत्ती, अत्तर, चुलीचा धूर नको. तंबाखू, गुटखा, मिश्री लावून चाखायला बसलात तर सगळंच वाया. किमान तासभर आधी चूळ भरून मोकळे व्हा.

थंड किती करायची?

व्हाईट आणि रोझे ८ ते १२ अंशांवर चांगली लागते. दोन-तीन तास फ्रीजमध्ये ठेवा. लाईट गेली असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून त्यात बाटली बुडवा, वीस-पंचवीस मिनिटांत काम होतं. ग्लासात मात्र बर्फ टाकू नका, पाणी होतं.

रेड १६ ते १८ अंशांवर. पुस्तकात 'खोलीच्या तापमानाला' असं लिहिलेलं असतं, ते युरोपातल्या थंड घरांसाठी. आपल्या उन्हाळ्यातल्या खोलीला ते चालत नाही, तिथं रेडही अर्धा तास फ्रीजमध्ये घालावी. उलट डिसेंबरात निफाडचा पारा एक आकडी झाला की रेड बाहेर ठेवली तर गारठून जाते आणि नुसती तुरट लागते. अशा वेळी ग्लास दोन्ही तळव्यांत धरून थोडी ऊब द्यावी.

चाखायचं कसं?

प्रत्येकाला ३० मिली, म्हणजे दोन मोठे चमचे. त्याहून जास्त ओतायचं नाही.

बघा. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा. वाईन स्वच्छ आहे का, की गढूळ? व्हाईट फिकट पिवळी आहे की तपकिरीकडं झुकलेली? ताजी व्हाईट तपकिरी दिसली तर तिला हवा लागलेली असते.

वास घ्या. आधी न हलवता, मग ग्लास दोन-तीनदा गोल फिरवून. नाक ग्लासात घालून घ्या, लाजू नका. चवीतलं बरंचसं काम नाकच करतं. सर्दी झाल्यावर जेवण बेचव का लागतं, ते आठवा.

तोंडात घ्या. छोटा घोट, पण लगेच गिळू नका. चूळ भरल्यासारखी सगळ्या जिभेवरून फिरवा. गोड किती, आंबट किती, तुरट किती? घशाशी जळजळतं का? जळजळत असेल तर अल्कोहोल वर आलंय.

थांबा. थुंकल्यावर किंवा गिळल्यावर मनात दहापर्यंत मोजा. चव लगेच गेली की रेंगाळली? रेंगाळली ती चांगली होती की कडवट?

लिहा. बोलायच्या आधी लिहा.

वास ओळखायला आपलेच शब्द वापरा

वाईनच्या पुस्तकांत ज्या परदेशी फळांची नावं असतात, ती आपण कधी खाल्लेलीच नसतात. त्यांची गरजही नाही. आपल्याकडं शब्दांची काय कमी?

सोव्हिन्यॉं ब्लांक या व्हाईटमध्ये पेरू, लिंबाची साल, कापलेलं गवत, कधी हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो. शेनिन ब्लांकमध्ये पिकलेली फळं, मध. शिराज या रेडमध्ये चक्क काळी मिरी येते. ही कल्पना नाही बरं का! मिरीतला वास ज्या घटकामुळं येतो, तोच घटक शिराजच्या सालीत सापडतो. कॅबर्ने सोव्हिन्यॉंमध्ये जांभूळ, कधी ढोबळी मिरची. लाकडी पिंपात ठेवलेली असेल तर लवंग, भाजका वास, थोडी व्हॅनिला.

आंबटपणाही एकसारखा नसतो. कैरीचा, चिंचेचा, कोकमाचा, दह्याचा, प्रत्येक आंबट वेगळं. आजीला विचारा, ती तुमच्या-माझ्यापेक्षा चटकन सांगेल. तिनं पिण्याची गरज नाही, नुसता वास दिला तरी पुरे. चाळीस वर्षं फोडणीच्या वासावरून मीठ-मसाला ओळखणाऱ्या बाईचं नाक कुठल्याही परीक्षकापेक्षा कमी नसतं.

गुणपत्रक : २० पैकी

जगात दोन पद्धती जास्त चालतात. एक २० गुणांची, जी कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठात १९५० च्या दशकात तयार झाली. दुसरी १०० गुणांची, जी रॉबर्ट पार्कर या अमेरिकन समीक्षकानं १९७८ पासून गाजवली. घरी २० चीच बरी. शंभरात ८७ आणि ८९ यातला फरक कुणाला कळणार? आपल्यासाठी सोपी मांडणी अशी :

- रंग आणि स्वच्छता : २
- वास : ६
- चव आणि समतोल (गोड-आंबट-तुरट यांचा मेळ) : ८
- मागे राहणारी चव : २
- पुन्हा घ्यावीशी वाटते का : २

१६ च्या पुढं म्हणजे फार छान, १२ ते १५ चांगली, ८ ते ११ ठीकठाक, त्याखाली काहीतरी बिघडलंय.

मधला गुण काढा, सरासरी नको

समजा पाच जणांनी एका वाईनला १४, १३, १५, १४ आणि ४ असे गुण दिले. बेरीज ६०, सरासरी १२. पण चार जणांना ती १३ ते १५ ची वाटली होती! एका माणसाला तुरट चालत नाही म्हणून सगळ्यांचा निकाल खाली आला. त्याऐवजी गुण चढत्या क्रमानं लावा : ४, १३, १४, १४, १५. बरोबर मधला आकडा १४. तोच त्या वाईनचा गुण. एखाद्या हट्टी पाहुण्यानं शून्य दिला किंवा वीस दिला, तरी मधला गुण फारसा हलत नाही.

एक बाटली दोनदा ओता

ही या सगळ्यातली सगळ्यात कामाची युक्ती. ओतणाऱ्यानं गुपचूप एकच वाईन दोन वेगवेगळ्या आकड्यांखाली द्यायची. समजा तीन बाटल्या, पण ग्लास चार. कुणालाच सांगायचं नाही.

शेवटी बघायचं, त्या एकाच वाईनला तुम्ही दोनदा किती गुण दिले? पहिल्यांदा ११ आणि दुसऱ्यांदा १४ दिले असतील, तर तुमच्या जिभेचा काटा तीन गुणांनी हलतो. मग दोन बाटल्यांत एक-दोन गुणांचा फरक पडला म्हणून "हीच भारी" असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही.

यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. कॅलिफोर्नियाच्या राज्य जत्रेत वाईनची मोठी स्पर्धा भरते. तिथं रॉबर्ट हॉजसन यांनी मुरलेल्या परीक्षकांना एकाच बाटलीतली वाईन तीनदा, न सांगता दिली. २००८ साली निष्कर्ष छापून आला : दर वेळी जवळपास सारखे गुण देणारे परीक्षक दहातला एकच! पदक बघून जादा पैसे मोजायच्या आधी एवढं लक्षात ठेवावं.

निकाल लागल्यावर काय बघायचं?

कागद काढून बाटल्या दाखवा आणि गुणांशेजारी किंमत लिहा. किंमत भागिले गुण केलं की एका गुणाला किती रुपये पडले ते कळतं. ७०० रुपयांची बाटली १४ गुणांची असेल तर गुणामागं ५० रुपये. १५०० रुपयांची बाटली १५ गुणांची असेल तर गुणामागं १००. पुढच्या वेळी कोणती आणायची, ते आपोआप ठरतं.

आणि हो, "जुनी तितकी भारी" हे सगळ्या वाईनला लागू नाही. बहुतेक वाईन काही वर्षांतच प्यायच्या असतात. व्हाईट आणि रोझे तर वर्ष-दोन वर्षांच्या आतलीच बघून घ्या. दुकानात उन्हाच्या काचेत उभी असलेली बाटली घेऊ नका, उष्णतेनं ती बिघडते. उघडलेली बाटली घट्ट बंद करून फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहते. ती 'संपवून टाकू' म्हणून बसू नका.

बागायतदारासाठी : दोष कुठून येतात?

ज्यांची बाग आहे त्यांनी हा भाग दोनदा वाचावा. ग्लासातले काही दोष वायनरीत तयार होतात, काही मात्र बागेतूनच जातात.

- सडक्या अंड्यासारखा वास : तोडणीच्या अगदी जवळ भुरीसाठी गंधक मारलं आणि ते मण्यावर राहिलं, तर आंबताना यीस्ट त्यातून हा वास तयार करतं. शेवटच्या फवारणीची मुदत पाळायची ती यासाठीही.
- कच्च्या ढोबळी मिरचीचा उग्र वास : रेडमध्ये हा जास्त असेल तर माल लवकर तुटलेला असू शकतो, किंवा घडावर पानांची सावली जास्त झालेली असते.
- पाणचट, पोकळ चव : वेलीवर घडांचा भार जास्त. कंपनी घड विरळ करायला का सांगते, ते इथं कळतं.
- बेदाण्यासारखी, सपाट चव : माल उशिरा तुटला किंवा उन्हानं भाजला, आंबटपणा उतरला.
- शिरक्याचा वास : फुटलेले, सडलेले मणी गाडीत गेले किंवा पुढं हवा लागली.
- ओल्या पुठ्ठ्याचा वास : हा बुचाचा दोष, बागेचा नाही. अशी बाटली बाजूलाच ठेवा.

वाईन बनवणारा माणूस तोडणीआधी बागेत येऊन मणी तोंडात टाकतो, साल चावतो, बी फोडून बघतो. बी हिरवी की तपकिरी, साल किती तुरट, हे तो बघत असतो. ब्रिक्स मीटर फक्त साखर सांगतं. बाकीचं तो जिभेनं मोजतो. ही जीभ शेतकऱ्याकडंही असली तर बांधावरची बोलणी बरोबरीनं होते. "माल कच्चा आहे" असं कुणी म्हटलं तर मान खाली घालायची गरज नाही. स्वतः चाखून "हो" किंवा "नाही" म्हणता येतं.

हिशेब अल्कोहोलचा आणि कायद्याचा

"वाईन म्हणजे दारू नव्हे, औषध आहे," असं बरेच जण म्हणतात. आकडे बघा. १३ टक्क्यांच्या १५० मिली वाईनमध्ये साधारण ४५ मिली व्हिस्कीइतकं अल्कोहोल असतं. आख्खी ७५० मिलीची बाटली एकट्यानं संपवली तर ते एका क्वार्टरपेक्षा जास्त होतं. अल्कोहोलची कोणतीही मात्रा आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे.

वरच्या पद्धतीनं पाच नमुने ३० मिलीनं चाखले तर सगळे मिळून १५० मिली होतात. थुंकलं तर त्याहून कितीतरी कमी पोटात जातं. तेवढ्यावर थांबायचं. 'चाखणी' संपल्यावर 'बैठक' सुरू झाली तर सगळ्यावर पाणी पडलं समजा.

- महाराष्ट्रात वाईन-बिअरसाठी वयाची अट २१ वर्षं आहे, बाकी कडक दारूसाठी २५. पोरांना "एक घोट घे रे" म्हणायचं नाही.
- गाडी चालवणार असाल तर चाखू नका. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर गुन्हा आहे. मळ्यातून घरी जायचा रस्ता दोनच किलोमीटर असला तरी अंधार, उसाच्या ट्रॉल्या आणि दारू हे गणित वाईट आहे.
- गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायका, काविळीचे किंवा लिव्हरचे रुग्ण, शुगर-बीपीच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असलेले लोक, यांनी लांब राहावं.
- ज्यानं दारू सोडली आहे, त्याला आग्रह करणं म्हणजे त्याच्या घराशी वैर करणं. त्याच्या समोर बाटली उघडायची की नाही, याचाही विचार करा.
- बाटली परवाना असलेल्या दुकानातूनच घ्या. घरी आंबवून विकणं गुन्हा आहे.

घरात वाईन नकोच? मग बेदाणा घ्या!

हाच खेळ पोराबाळांसकट, आजी-आजोबांसकट खेळता येतो. चार दुकानांतून चार प्रकारचा बेदाणा आणा, सांगली-तासगावकडचा एखादा असू द्या. चार सारख्या वाट्या, खाली चिकटवलेले आकडे. रंगाला २, दिसण्याला आणि सफाईला ४, सालीच्या मऊपणाला ४, गोड-आंबट मेळाला ८, पुन्हा खावासा वाटतो का याला २. एक वाटी दोनदा ठेवायला विसरू नका. गुळाचं, काकवीचं, मे महिन्यात आंब्याचंही असंच करा. घरचा आमराईतला रायवळ आणि बाजारातला महागडा हापूस डोळ्यावर पट्टी बांधून खाऊन बघा, निकाल काय लागतो ते लिहून ठेवा.

यातून पोरांना एक सवय लागते : नाव, किंमत आणि मोठ्या माणसाचं मत बाजूला ठेवून आधी स्वतः तपासायचं. ती सवय बियाणं घेताना, औषधं घेताना, मोबाईलवरची जाहिरात बघतानाही उपयोगी पडेल.

वाईनची बाटली उघडणार असाल तर चार गोष्टी पक्क्या ठेवा : ओत ३० मिलीचीच, गुण आधी लिहायचे आणि मग बोलायचं, एक वाईन दोनदा ओतायची, आणि गाडीची चावी न घेणाऱ्याच्या हातात द्यायची. दिंडोरी-निफाडच्या बागांत जानेवारीपासून व्हाईटची तोडणी सुरू होते. त्याआधी बाटलीत काय जातं ते एकदा नीट चाखलेलं बरं.